नथूचं लग्न आणि गोष्टीतली माणसं

नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावात नथू नावाचा एक भोळा माणूस होता. किती भोळा? आई म्हणाली, "नथू, दुधावर लक्ष ठेव," तर हा चुलीपुढे बसून दूध उतू जाताना शेवटच्या थेंबापर्यंत बघायचा. लक्ष मात्र जराही हटायचं नाही.

वय वाढत चाललं होतं. लग्न जमत नव्हतं. आई गिरजाबाई देवाला रोज तेच मागणं मागायची. अखेर पलीकडच्या गावची शेवंता सांगून आली. पोरगी गुणाची. फक्त एक नाद होता, गोष्टींची पुस्तकं वाचायचा. तिच्या बापाने निरोप धाडला, "मुलगा गरीब असला तरी चालेल. पण त्याला माणसांची पारख हवी. आमचा मामा घर बघायला येईल."

गिरजाबाईने निरोप दोनदा ऐकला. पारख आणि नथूला? तिने त्याला शेजारच्या वच्छीमावशीकडे पाठवलं. वच्छीमावशी दुपारी ओट्यावर बसून बायकांना गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवायची. गावात कुणाच्या घरात काय शिजतंय हेही तिला पाठ असायचं.

"हात्तिच्या!" मावशी म्हणाली. "गोष्टीतली माणसं ओळखता आली की गावातली आपोआप येतात. बस इथं. पहिला खलनायक. तो कसा ओळखायचा? मिशीला पीळ, हसणं गडगडाटी, आणि घरात शिरला की नजर दागदागिन्यांवर. असा माणूस दिसला की सावध व्हायचं."

"कळलं, मावशी," नथू म्हणाला. "आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शेवंताचा मामा आला. मिशीला पीळ. दारातूनच गडगडाटी हसला. पाट घेतला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बरं, आमच्या पोरीच्या अंगावर दागिने काय घालणार?"

नथू उठला. "मामा, दागिने कोठीत आहेत. या, दाखवतो."

मामा कोठीत शिरला. नथूने बाहेरून कडी घातली आणि रस्त्यावर जाऊन बोंब ठोकली, "धावा! खलनायक सापडला!"

गाव गोळा झालं. गिरजाबाईने कडी काढली. मामा भुसा झाडत बाहेर आला, मिशीचा पीळ सुटलेला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप, एवढं पोटात गेल्यावर कुठे तो शांत झाला. "पोरगं धाडसी आहे," म्हणत गेला.

वच्छीमावशीने कपाळाला हात लावला. "अरे, सगळी माणसं दिसतात तशी नसतात! काही माणसांना दोन बाजू असतात. वरून वाईट, आतून भली. एकदम निवाडा करू नये. त्याच्यावर काय वेळ आली असेल, याचा विचार करावा. आधी विचारपूस, मग बाकीचं."

"कळलं, मावशी. आता चुकायचं नाही."

आठवड्याच्या बाजारादिवशी गाव बाजारात गेलं होतं. नथू एकटाच घरी. परसात आवाज आला म्हणून बघतो तर एक अनोळखी माणूस शेळीचं दावं सोडतोय. नवरीचा शालू घ्यायचा तो ही शेळी विकूनच, असं गिरजाबाईने ठरवून ठेवलं होतं.

नथूने ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. जवळ गेला. "काय वेळ आली रे दादा तुझ्यावर?"

चोर दचकला. "आँ?"

"वरून तू चोर दिसतोस. पण आत काहीतरी असणार."

चोराने इकडेतिकडे पाहिलं. "आहे ना," तो म्हणाला. "पोरं दुधावाचून रडतात."

नथूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग ही धार देताना लाथ मारते, जपून. आणि हिचं करडूही ने. ते मागे राहिलं तर ही तिकडं पान्हा चोरेल." चोराच्या दोन्ही हातांत दोन दावी झाली. चारा कोण धरणार? नथू स्वतः चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन त्याला वेशीपर्यंत पोचवून आला.

संध्याकाळी गिरजाबाई रिकाम्या खुंटाजवळ बसून रडली. "आता नवरीला काय नेसवू? माझं लुगडं?"

वच्छीमावशी तरातरा आली. "अरे मेल्या, दोन बाजू मोठ्या पात्रांना असतात! चोर म्हणजे किरकोळ पात्र. किरकोळ पात्र यायचं, एक वाक्य बोलायचं, जायचं. त्याला नाव नाही, गाव नाही. त्याच्यापाशी इतकं थांबायचंच नाही."

"कळलं, मावशी. आता चुकायचं नाही."

चार दिवसांनी दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला पागोटं, हातात काठी. "गिरजाबाई आहेत का घरात?" त्याने विचारलं.

नथू त्याच्याकडे बघत राहिला. म्हातारा जाईना.

"झालं की तुमचं वाक्य," नथू म्हणाला. "जा आता."

"अहो, मी शेवंताचा..."

"दुसरं वाक्य नाही!" नथूने दार लावून घेतलं.

म्हातारा म्हणजे शेवंताचा बाप. तो तणतणत घरी गेला. "मोडलं लग्न! माझ्या तोंडावर दार लावतो! म्हणे तुमचं वाक्य झालं!"

शेवंताने मामाची कोठी ऐकली होती, शेळीही ऐकली होती. हे ऐकून ती पदर तोंडात धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "बाबा, मला हाच नवरा पाहिजे. आपल्या घरात सगळे शहाणे. सकाळपासून एकमेकांना शहाणपण शिकवत भांडता. हा निदान सांगितलेलं ऐकतो तरी."

बापाचं पोरीपुढे चालेना. त्याने गिरजाबाईला बजावलं, "ठीक आहे. पण मांडवात वेडेपणा केला, तर पोरगी तशीच माघारी नेईन."

लग्नाच्या आदल्या दिवशी गिरजाबाई हात जोडून वच्छीमावशीपुढे उभी राहिली. "बाई, एवढा एक दिवस त्याला सांभाळ."

मावशीने नथूला समोर बसवलं. "नीट ऐक. सासऱ्याला किरकोळ समजलास, तसं उद्या कुणाला समजू नकोस. मुख्य पात्र कोण? ज्याची सगळे वाट बघतात, ज्याच्यावाचून गोष्ट अडते, ते. असा माणूस आला की त्याला मान द्यायचा. आपली जागा द्यायची. आपण मागे उभं राहायचं."

"कळलं, मावशी," नथू म्हणाला. "आता तर अजिबात चुकायचं नाही."

मांडव भरला. नथू पिवळं धोतर नेसून, फेटा बांधून, मुंडावळ्या लावून कोपऱ्यात बसला. त्याच्याकडे कुणी बघेना. आई म्हणाली, "नथू, सरक जरा, तांब्या घेऊ दे." आचारी म्हणाला, "नवरदेव, पाय काढा, पातेलं जाऊ दे." आणि जो तो एकच विचारत होता, "भटजी आले का? भटजींवाचून अडलंय सगळं!"

नथूने मनाशी मान डोलावली.

भटजी दुसऱ्या गावचं लग्न उरकून सायकल हाणत आले. घामाघूम. सगळा मांडव उठून उभा राहिला. "आले, आले! उभं करा नवरानवरीला!" अंतरपाट धरला गेला. पलीकडे शेवंता मान खाली घालून, हातात हार घेऊन उभी. भटजींची एक सवय होती. कानावर हात ठेवायचे, डोळे गच्च मिटायचे आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत उघडायचे नाहीत.

पहिलं "सावधान" झालं. लोक अक्षता टाकण्यात गुंग. नथू हळूच पाटावरून उतरला. भटजींचा दंड धरून त्यांना पाटावर चढवलं. गर्दीत कुणी बाजूला घेतलं असेल, असं भटजींना वाटलं. नथूने स्वतःचा फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला, मुंडावळ्या त्यांच्या कपाळाला बांधल्या. कुणीतरी घाम पुसतंय, असं भटजींना वाटलं, त्यांचा सूर आणखी चढला. गिरजाबाईचे डोळे आनंदाने भरून आले होते. तिला फेटा तेवढा दिसत होता. अंतरपाट धरणारे दोघे हात अवघडून, माना खाली घालून उभे होते. नथू दुसऱ्या ओळीत जाऊन मूठमूठ अक्षता टाकू लागला.

शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट खाली आला. ताशा कडाडला. शेवंताने मान न उचलता हार पुढे केला आणि भटजींच्या गळ्यात घातला.

"कल्याणमस्तु," भटजी सवयीने म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

ताशा थांबला.

"नवरा कुठाय?" शेवंताचा बाप गरजला.

"इथं आहे," मागून नथूने हात वर केला. "मी किरकोळ."

"चल पोरी घरी!" बाप म्हणाला.

शेवंताने भटजींच्या गळ्यातला हार काढला. गर्दीतून वाट काढत ती नथूपुढे जाऊन उभी राहिली.

"मला कशाला?" नथू मागे सरकला. "मी दुसऱ्या ओळीतला."

"मग मीही दुसऱ्या ओळीतली," शेवंता म्हणाली आणि हार त्याच्या गळ्यात टाकला. त्याच्या हातातल्या उरलेल्या अक्षता तिने स्वतःच्याच डोक्यावर घेतल्या. सगळा मांडव हसला. शेवटी बापही हसला. पंगती बसल्या.

फक्त नथूला घास जाईना. "एवढं काय झालं?" शेवंताने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "वाईट वाटतंय."

सकाळी उठून तो भटजींच्या घरी गेला. दार भटजींच्या बायकोने उघडलं. हात पिठाचे, हातात लाटणं.

"काय काम काढलंत?"

नथूने वाकून नमस्कार केला. "भटजींसाठी स्थळ बघावं म्हणतो. काल त्यांच्या गळ्यात हार पडला, पण नवरी मी घेऊन आलो. त्यांचं लग्न अर्धंच राहिलं. मुलगा घरात आहे का?"

मुलगा घरात होता. तेव्हापासून भटजी मंगलाष्टकं डोळे उघडे ठेवून म्हणतात.