नवा शंख आणि समुद्रफूल

समुद्र अजून लहान होता तेव्हाची गोष्ट. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना राजाचा हुकूम आला, "भरतीपूर्वी सर्वांनी नवे शंख घालावेत. जुने फोडले जातील."

नवे शंख घडवणारा शेवंड, झिंग्यांचा थोरला भाऊ, दारोदार फिरू लागला. "खेकडीणबाई, निघा बाहेर. नवा शंख हलका आहे, मजबूतही आहे."

"असेल, दादा. पण माझ्या शंखावरच्या या समुद्रफुलाचं काय? ते डंख मारून मला माशांपासून वाचवतं. तुमच्या गुळगुळीत शंखावर त्याला धरताच येत नाही. सुटलं तर मरेल बिचारं."

शेवंड चकित झाला. "शंखावरही कुणी राहतं, हे मला ठाऊकच नव्हतं!"

"कधी विचारलंत?"

शेवंड नवा शंख खडकावर घासून खडबडीत करू लागला.

"राजाला मी सांगतो," तो म्हणाला. "पुढच्या भरतीपर्यंत थांबा. आधी बाकीच्यांच्या शंखांवर कोण कोण राहतं, ते बघून येतो."