न्हाणीच्या पाण्याला घातलेला बांध

एकदा एका वृद्ध आचार्यांनी ऐन चैत्रात, ज्या घरी मुक्काम केला त्याच घराच्या न्हाणीचं पाणी अडवलं. एवढ्या ज्ञानी पुरुषाने असं का करावं, हे त्यांच्या शिष्याला कळेना. शिष्य विद्वान होता, आचारविचारात काटेकोर होता आणि गुरूंवर त्याची निस्सीम श्रद्धा होती. तरी तो गोंधळलाच.

घर एका तरुण बाळंतिणीचं होतं. अशा कथांमधल्या बायकांना बहुधा नाव नसतं, हिला आहे. तिचं नाव गजरा. पोटुशी असताना तिने न्हाणीचं पाणी परसात जिथे उतरतं तिथे आळं केलं आणि दुधीचं बी लावलं. वाकता येत नव्हतं, तरी मांडवही तिनेच घातला. पुढे बाळ जन्मलं. बाळ अंग धरू लागलं तसा वेलही मांडवभर पसरला आणि खाली दुधी लोंबू लागले.

नेमकं तेव्हाच तिला सांगण्यात आलं, की वेलाला हात लावायचा नाही. त्या गावात समज होता, की अंगावर पाजणाऱ्या बाईचा हात फळत्या वेलाला लागला की वेल जळतो. हे कुणी ठरवलं ते विचारू नका. असल्या गोष्टी ठरवणारा माणूस शोधून सापडत नाही.

नवरा बैल घेऊन परगावी कामाला गेला होता. सासू पाठीत वाकलेली, तिचा हात मांडवाला पोचत नसे. मग शेजारणी यायच्या. ‘तुझी अडचण आहे ना गं’ असं मायेने म्हणत कोवळे कोवळे दुधी तोडून न्यायच्या आणि नख रुतणार नाही असे जून तेवढे मागे ठेवायच्या. गजरा बाळाला घेऊन दारातून बघत राहायची आणि कोरडी भाकरी खायची. तिला दूध पुरेना. बाळ भुकेने रडायचं. मला या शेजारणींचा संताप येतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

आचार्यांनी हे सगळं आल्या दिवशीच पाहिलं. त्यांनी सासूला विचारलं, तेव्हा ती हात जोडून म्हणाली, “महाराज, म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय. माझा थोरला अंगावर पीत हुता, तवा म्या पडवळाला हात लावला. येल जळून ग्येला.”

शिष्याने मान डोलावली. “रूढीमागे काही ना काही कारण असतंच, गुरुजी.”

आचार्य उठले. ते परसात गेले, कुदळीने माती ओढली, न्हाणीतून वेलाकडे येणाऱ्या पाटाला बांध घातला आणि पाणी गल्लीकडे वळवलं.

“आन् ह्ये काय वो, महाराज?” सासू धावत आली.

“आई, हिचा हात वेलाला चालत नाही. मग हिच्या आणि बाळाच्या अंगावरून उतरलेलं पाणी कसं चालेल? ते तर रोज थेट मुळाशी जातं. तुमचाच नियम आहे. मी तो पुरता पाळतोय.”

सासू पदर सावरत आत गेली.

संध्याकाळी आचार्यांनी शिष्याला आपला बेत सांगितला. “दोन दिवस थांब. वेल माना टाकेल. मग साऱ्या गावाला इथे बोलावू. इतके दिवस हा वेल कशावर पोसला, ते ज्याचं त्याला दिसेल. आपण एक शब्दही बोलायचा नाही.”

शिष्य मनोमन शरमला आणि भारावलाही. आपले गुरू थोर आहेत याची त्याला पुन्हा एकदा खात्री पटली.

चैत्राच्या उन्हाने काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं लुळी पडली. तिसऱ्या दिवशी सकाळीही ती उभी राहिली नाहीत. शिष्य स्नान करून, धूतवस्त्र नेसून गावाला बोलवायला निघाला, तेवढ्यात गजरा परसात आली. काखेत बाळ होतं.

“ह्यो बांध कुनी घातला?”

“मी घातला, मुली,” आचार्य शांतपणे म्हणाले आणि त्यांनी तिला सारा बेत समजावून सांगितला. “थोडा धीर धर. संध्याकाळी गाव जमेल, आणि...”

“सांजंपातूर ह्यो मरंल.”

“एक वेल गेला, तरी पुढच्या कित्येक लेकीसुनांची यातून सुटका होईल.”

गजराने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “तुमी शानी मानसं. शिकवायचं गावाला आन् तहान सोसायची माझ्या येलानं? गावानं माझी भाजी न्येली, तुमी पानी न्येलं. माझ्या पोराला त्यात फरक काय पडला वो, बाबा?”

 

तिने टाचेने बांध फोडला. मग वळून “धरा ह्याला” म्हणत बाळ शिष्याच्या हातात दिलं. तो सोवळ्यात होता, पण हे सांगायला त्याला सवडच मिळाली नाही. तिने भरली घागर आळ्यात उपडी केली, दगडावर चढली आणि विळ्याने कोवळ्या दुधीचे देठ कापू लागली.

“गजरे, येल जळंल गं!” सासू दारातून ओरडली.

“जळू द्या, आत्याबाई! जळला तर माझा जळंल. लावलाय म्या. पोरगं उपाशी ठिवून मला हिरवा येल नगं.” मग कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या शेजारणींकडे बघून ती म्हणाली, “आन् तुमी उद्यापासनं टोपली घिऊन यिऊ नका.”

इकडे बाळाने शिष्याचं धूतवस्त्र भिजवलं. सवयीने तो स्नानासाठी विहिरीकडे वळला आणि मध्येच थांबला. आपण बाळ घेऊन विहिरीवर कशाला निघालो, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. तो तसाच ओल्या वस्त्राने परत येऊन उभा राहिला.

आचार्य हसले. “मी चुकलो,” ते म्हणाले. “मला वाटलं, आधी गावाला पटावं आणि मग हिला वेल मिळावा. पण जे हिचंच आहे ते हिने घ्यायला गावाला पटेपर्यंत का थांबायचं? तेवढ्यात मूल भुकेनं सुकतं.”

“पण गावाला नाहीच पटलं तर, गुरुजी?”

“तरी भाजी शिजेल.”

आत सासू चुलीपाशी उभी होती. गजराने दुधी आणून तिच्यापुढे ठेवले, शिष्याकडून बाळ घेतलं आणि ती त्याला पाजायला बसली.  म्हातारीने विळी पुढे ओढली आणि दुधी चिरायला घेतला. त्या दिवशी आचार्य, शिष्य आणि दोघी सासवासुना तीच भाजी जेवले. शिष्याने दोनदा मागून घेतली.

ही कथा सांगितली की कुणी ना कुणी मला विचारतंच, “मग तो वेल शेवटी जळला का?” नाही जळला. चार पानं करपली, तीही आचार्यांच्या बांधामुळे. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की गजराने विळा हातात घेतला तेव्हा तिलाही हे ठाऊक नव्हतं.