मामासाहेबांची वही

"हा आता विहिरीत पडणार! आणि वर काढणार कोण? त्याचाच भाऊ!" मामासाहेब अंधारात गरजले, आणि चंद्रगिरी संस्थानातल्या एकुलत्या एका थेटरात त्या दिवशीच्याही सिनेमाचा विचका झाला.

मामासाहेब म्हणजे महाराजांचे सख्खे मामा. नवा सिनेमा आला की पहिला खेळ ते बघायचे, आणि दुसऱ्या खेळाला महाराजांशेजारी बसून सगळ्यांना आधीच गोष्ट सांगून मोकळे व्हायचे. त्यांना कुणी अडवत नाही म्हटल्यावर मागचे लोकही चेकाळायचे. शिट्ट्या काय, बाकांवर ताल काय! पडद्यावरची बाई काय गायली ते कुणाला सांगता यायचं नाही.

महाराजांनी मॅनेजर अण्णाजीपंतांना बोलावलं.

"येत्या रविवारी दुपारच्या खेळाला मामासाहेबांचा एक शब्द जरी कानावर आला, तरी थेटराला कुलूप! तिथं मी हत्तीखाना करीन!"

"त्यांना विनंती करून बघू का, सरकार?"

"खबरदार! त्यांच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालोय. 'गप्प बसा' असं त्यांना कुणी म्हणायचं नाही. त्यांना बाहेर काढायचं नाही. तोंडात लाडू कोंबायचे नाहीत. आणि घरी जाताना ते खुशीत दिसले पाहिजेत!"

अण्णाजीपंत थेटरात परतले ते घाम पुसतच. थेटर बंद म्हणजे वीस घरांच्या चुली बंद. बायकांच्या दारावर तिकिटं फाडणारी भिवरा, कुंभाराची लेक, त्यांचं सगळं ऐकून म्हणाली, "पंत, मला एक जाड वही अन् पेन्सिल द्या."

"वहीनं मामासाहेब गप्प बसतील?"

"बघू की! न्हाईतर हत्ती हाईतच."

रविवारी मामासाहेबांची बग्गी थांबताच भिवरा मुजरा करून पुढं झाली.

"मामासाहेब, एक अवघड काम हाय. थेटरात गोंगाट कोण करतं त्याची यादी हवी. पण मोठ्या माणसाचं नाव लिवायला समद्यांचे हात कापत्यात."

"माझा हात कापत नाही!" मामासाहेबांनी मिशीवर ताव दिला. "आण ती वही!"

"पण एक अडचण हाय. लिवणाऱ्याचा आवाज आला, की चोर सावध व्हणार."

"अगं, वाघाच्या शिकारीला मचाणावर मी रात्र रात्र बसलोय! माझा श्वाससुद्धा ऐकू येणार नाही."

भिवरानं त्यांची खुर्ची दाराशेजारच्या मिणमिणत्या दिव्याखाली मांडली. खेळ सुरू झाला. मागून कुणीतरी शिट्टी घातली. मामासाहेबांनी मान वळवली, चष्म्यावरून रोखून बघितलं आणि पेन्सिल चालवली. शिट्टी तिथंच विझली.

"मामासाहेब लिहितायत!" बाकाबाकांवरून कुजबूज फिरली, आणि मग बाकांवर सगळं चिडीचूप. पडद्यावरच्या झऱ्याची खळखळ लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. मामासाहेबांचे ओठ अधूनमधून थरथरायचे, पण तोंड काही उघडलं नाही.

दिवे लागले. महाराज खूश होऊन उठले. मामासाहेब त्याहून खूश. त्यांनी छाती पुढं काढून वही उघडली.

"भिवरानं सांगितलेली यादी, गोंगाट करणाऱ्यांची! एक. बाबू तांबोळी. शिट्टी, अर्धी. दोन. दिवाणजी. घोरणे, दोनदा." दिवाणजी खाली बघू लागले. "तीन..." मामासाहेब अडखळले.

"वाचा ना, मामासाहेब! कुणाचीही भीड ठेवू नका!" महाराज म्हणाले.

"तीन. खुद्द महाराज! 'अरे गाढवा, मागं बघ, मागं!' असे ओरडणे. त्यानंतर हुंदका, एक. मोठा."

अण्णाजीपंतांनी डोळेच मिटले.

महाराजांनी भिवराकडे नजर वळवली. "यादी करायची युक्ती तुझी ना? मग सांग, गोंगाट करणाऱ्याला इथं शिक्षा काय?"

"बाहेर काढायचं, सरकार."

"मग काढ मला बाहेर!"

भिवरानं पदर सारखा केला. "सरकार, तो मारेकरी मागनं आला तवा 'मागं बघ' हे समद्या थेटराच्या तोंडावर आलं हुतं. माझ्याबी! पण मामासाहेबांच्या पेन्सिलीला भिऊन आमी समद्यांनी ते गिळलं. सहाशे माणसांचं वरडणं आपण एकट्यानं वरडलात. रयतेचं एवढं काम केलेल्या राजाला मी बाहेर कशी काढू?"

महाराज असे खदखदून हसले की त्यांचा फेटा कपाळावर आला! मामासाहेब हसले, दिवाणजीही हसले.

"माग, काय हवं ते माग!"

"सरकार, आठवड्याला एक खेळ वरडणाऱ्यांचा ठेवा. शिट्ट्या मारा, रडा, गोष्ट सांगा. तिथं जो गप्प बसंल, त्यालाच बाहेर काढायचं!"

"मंजूर! दर गुरुवारी दुपारी. आणि त्या खेळाची मॅनेजर तू, पगार अण्णाजीपंतांइतका!" महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हाती ठेवलं.

मामासाहेबांनी वही मिटली, घसा खाकरला आणि तोंड उघडलं. दोन तासांचं साचलेलं एका दमात बाहेर पडलं: "गुरुवारी पहिल्या रांगेतली खुर्ची माझी! आणि ऐका, पुढचा सिनेमा मी परगावी आधीच बघून आलोय, त्यात तो सावकार आहे ना, तोच तिचा बाप निघतो!"

"मामासाहेब!" महाराज ओरडले, आणि पोट धरून पुन्हा हसायला लागले.