मुगाएवढा डोंगर

"...आणि तो दाणा जहाजाचा तळ फोडून बाहेर जातो. दर वेळी. बुवा, त्याला ठेवू तरी कशात?"

विचारणाऱ्या वसुधा चिंचोलकर, ताऱ्यांकडे जाणाऱ्या पहिल्या जहाजाच्या मुख्य अभियंता. एरवी आमच्या टेकडीवरच्या मठाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण दोन चाचण्या फसल्या होत्या. तिसरी फसली की बारा वर्षांची मेहनत भंगारात.

आमचे गुरू झिंगरूबुवा लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचा बैल तासत होते. मान वर न करता म्हणाले, "केवढा हाय तुमचा दाना?"

"मुगाएवढा. वजन या टेकडीएवढं. इंधन इतकं दाबून बसवलंय त्यात."

"अन् जहाज?"

"त्याच्यापुढे कापूस."

"नुसता असला तं फोडते का?"

"छे. अंतराळात अधांतरी तरंगतो. त्याची कणी काढून आम्ही शेपटीतल्या इंजिनात जाळतो. जहाज पुढे निघतं, हा जागचा हलत नाही. तळच येऊन त्याच्यावर आदळतो." बाई ताठ बसल्या. "सहा थरांचा तळ केला. मी बनवला तितका टणक धातू आजवर कुणी बनवलेला नाही."

"हो का..."

बुवांनी हातातला बैल फुंकून साफ केला. कोपऱ्यातली खेळण्यातली गाडी ओढली. बैल गाडीत नीट बसवला आणि गाडी बाईंपुढे सरकवली.

"हाका."

बाईंना हसू आलं. "बैलच गाडीत बसवल्यावर गाडी ओढणार..."

वाक्य तिथंच टाकून त्या गाडीवर वाकल्या.

...

मग त्यांनीच बैल उतरवला, गाडीपुढे ठेवला, सुतळीनं जोडला.

"कणी काढायचीच नाही," त्या पुटपुटल्या. "दाणाच मागच्या बाजूनं पेटवायचा. तो आपला आपण चालेल. जहाज त्याच्यामागे, ज्वाळेपासून दूर, चुंबकाच्या लांब दोरानं..."

चहाही न घेता बाई टेकडी उतरल्या.

तिसरी चाचणी आम्ही मठातल्या रेडिओवर ऐकली. दाणा निघाला, जहाज मागोमाग, तळाला ओरखडासुद्धा नाही. मी आनंदानं रडलो, सांगायला लाज कसली.

चार दिवसांनी बाई पेढे घेऊन वर आल्या. धाप लागलेली, चेहरा उजळलेला.

"डोंगर पेलला आम्ही, बुवा."

बुवांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

"पेलला कुठं, बाई. तुमी त्याच्या वाटेतून बाजूले झाल्या."