मुंग्यांच्या केरातली नेत्रांजनी

कांपिल्य नगरीत अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता आणि पुढे तेही राजाचे वैद्य झाले होते. राजकन्येची दृष्टी अधू होत चालली होती. तिच्या डोळ्यांत नेत्रांजनीच्या पानांचा रस घालावा लागे, आणि ते झुडूप फक्त राजाच्या उद्यानात होते. तिथली जुनी झुडपेही एकेक करून वठू लागली होती.

उद्यानाचा माळी वेणुक या झुडपांपायी मेटाकुटीला आला होता. चैत्रातल्या दोलोत्सवाआधी सारे उद्यान झाडून लख्ख करायची तिथे रीत होती. त्या धांदलीत शेंगा गळून केरात जातील, या भीतीने तो दरवर्षी नेत्रांजनीच्या हिरव्या शेंगा आधीच खुडून घेई, बी सुकवी, वाफ्यात पेरी. काहीच रुजत नसे. या वर्षी तो तापाने अंथरुणाला खिळला आणि शेंगा झाडावरच राहिल्या. ज्येष्ठात उठून येतो तो काय, शेंगा तडकून बी खाली सांडलेले, आणि मुंग्यांची रांग ते ओढत वारुळाकडे निघालेली.

वेणुकाने उकळत्या पाण्याचा हंडा आणला. पाहतो तर वैद्यराज वारुळाच्या तोंडाशी मांडी घालून बसलेले.

"वैद्यराज, उठा. हंड्यात आधणाचं पाणी आहे."

"दिसतंय."

"मुंग्या चावतायत तुम्हाला."

"तेही कळतंय," पोटरी खाजवत बोधिसत्त्व म्हणाले. "हे बी बघ. टोकाला पांढरा, तेलकट गोळा आहे. मुंग्यांना तेवढाच हवा असतो. तो खाऊन बी त्या केरात टाकतील, आणि तिथं ते रुजेल. तू कोवळं खुडायचास, तेव्हा ना बी पिकलेलं असायचं, ना हा गोळा धरलेला."

"आणि तोवर राजकन्येच्या डोळ्यांत काय घालायचं? मुंग्यांचा केर?"

"जुनी पानं पावसाळाभर पुरतील. आर्द्रा नक्षत्र सरेपर्यंत थांब. नाहीच उगवलं, तर शिक्षा मी भोगीन."

"शिक्षा तुम्ही भोगाल हो. तिला डोळे कोण देणार?"

बोधिसत्त्व जागचे हलले नाहीत.

वेणुक चरफडत समोर बसला. दुपार कलली, पाणी निवले. "आता याचा काय उपयोग," असे पुटपुटत त्याने ते जाईच्या मुळाशी ओतले.

त्यानंतर तो रोज यायचा, वारुळाभोवती बघायचा आणि वैद्याला नावे ठेवत परतायचा. आर्द्रा सरता सरता त्या भुसभुशीत केरात नेत्रांजनीची रोपे दाटीने वर आली. राजकन्येच्या डोळ्यांना रस कधी कमी पडला नाही.

पुढल्या चैत्रात उत्सवाचे झाडूवाले आले. वेणुक त्यांच्यावर खेकसला, "इकडे झाडू आणायचा नाही. शेंगा अजून पिकायच्यात. आणि त्या वारुळावर कुणाचा पाय पडला, तर गाठ माझ्याशी आहे."

विहारात भिक्खूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्खूंनो, नवशिक्या श्रामणेरांवर सदा वैतागणारा आपला चंडक, तोच त्या जन्मी वेणुक होता. त्या मुंग्या म्हणजे हेच श्रामणेर. वारुळापाशी बसलेला वैद्य मी होतो."

चंडकाने मान खाली घातली.

"बी आपल्या ऋतूतच रुजते," शास्ते म्हणाले. "तोवर चावे सोसत बसून राहणे, ही क्षांती."