चाळीस गुरे आणि पेंडीची डोणी

पूर्वी गोदावरीकाठच्या मधुवन नगरात राजा सुषेण राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तेथील उत्तिय नावाच्या तेल्याच्या घरी बैल होऊन घाणा ओढीत असत.

एकदा लागोपाठ दोन वर्षे पाऊस झाला नाही. तीळ पिकले नाहीत आणि घाणा थांबला. नगराची चाळीस गुरे राखणारा गोमिल त्यांच्या बरगड्या पाही आणि मान फिरवी. पळसाची वाळकी पानेही संपली, तेव्हा तो उत्तिय तेल्याच्या दारी गेला.

"उत्तियदादा, मागच्या अंगणात पेंडीची रास आहे तुमची. गुरांना द्या."

"ने की. बैलालाही ने, ओढायला," उत्तिय म्हणाला. त्याने छकड्यात पेंड भरून तिच्यावर साळीच्या कोंड्याच्या गोण्या चढवल्या, बोधिसत्त्वांना छकड्याला जुंपले आणि तोही बरोबर निघाला.

गोठ्याशी येताच गोमिलने पेंड आणि कोंडा भिजवून दगडी डोणी काठोकाठ भरली. पुढे असलेल्या तीन गायींना त्याने आपल्या हाताने टोपली टोपली चारली. त्या खात होत्या आणि त्याचे डोळे भरून येत होते. मग बाकीची गुरे सोडायला तो वळला, तोच छकड्याशी बांधलेले बोधिसत्त्व दावे तोडून डोणीपुढे आडवे उभे राहिले.

"बघा, याला वाटतं पेंड याच्या बापाची आहे!" उत्तिय हसला.

गोमिलला हसू आले नाही. त्याने वेसण ओढली, काठी घातली. कपाळ फुटून रक्त आले, तरी बैल हलला नाही. बैलाने शिंग उगारले नाही आणि पेंडीला तोंडही लावले नाही. खायचे नाही तर अडवतो कशाला, हे गोमिलला कळेना.

ऊन कलले तशा त्या तीन गायी खाली बसल्या. त्यांची पोटे ढोलासारखी ताठली. दोघींनी तिथेच मान टाकली.

गोमिलने डोणीतली चिमूटभर पेंड तोंडात टाकली. कडू नव्हती, चांगली लागली. मग विष कुठे होते? जन्मभर हीच पेंड खाऊन तेल्याचा बैल धडधाकट आणि आपण मायेने चारलेल्या गायी मेल्या! आपल्या हाताकडे पाहत तो उभा राहिला.

तेवढ्यात झोपडीकडून गोमिलची बायको ओरडली, "अहो, धावा! हा आता आपलं घर खायला लागला!"

बोधिसत्त्व झोपडीच्या छपराचा पेंढा उपसून एकेका गुरापुढे टाकीत होते. गोमिल काठी घेऊन धावला, पण ते रक्ताळलेले कपाळ पाहून त्याचा हात खाली आला.

"गोमिला," बोधिसत्त्व म्हणाले, "मला पेंड रोज ओंजळभर मिळाली, तीही कडब्याबरोबर. यांची पोटं उपाशी राहून खाणं विसरली आहेत. आधी काडी दे, मग ओंजळ. उद्या थोडी जास्त."

"मग मी दया केली ती चुकली?"

"दया नाही चुकली. डोणी चुकली."

गोमिलला अर्धेच उमजले, तरी त्याने सांगितल्याप्रमाणे केले. तिसरी गाय चार दिवसांनी उठली. महिन्याभरात अडतीस गुरे सावलीत बसून रवंथ करू लागली. झोपडीवर तेवढे छप्पर उरले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षू सुवचाला सांगितली. त्याने कळवळून नव्या शिष्यांना एकाच दिवसात सगळा धर्म शिकवला होता आणि चौघे विहार सोडून गेले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा गोमिल तू होतास. उत्तिय म्हणजे दाराशी बसलेला हा वृद्ध उपासक. ती गुरे म्हणजे हा संघ, आणि तो बैल मीच होतो. भुकेल्याचे पोट ओळखते ती प्रज्ञा. तिच्यावाचून करुणा आंधळी."

सुवचाने शास्त्यांना वंदन केले. मग उठून तो त्या चौघांना शोधायला निघाला. या वेळी सांगायला त्याने एकच गाथा बरोबर घेतली होती.