मचूळ बावेची ओंजळ

ही समोरची विहीर. आम्ही वसईकडचे लोक बाव म्हणतो. पाणी मचूळ, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तरी दर वर्षी कठड्याला चुना काढतो आणि कठड्यावरच्या क्रुसाला मोगऱ्याचा हार घालतो. का, ते सांगतो. पण आधी मला सांगा, त्या मागच्या साहेबांनी ती पेटी छातीशी का धरली आहे? असू द्या. साळोलीत आलेला माणूस नुसतं चर्च बघायला आलाय, यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. चाळीस वर्षं इथली घंटा वाजवतोय, येणारेजाणारे पुष्कळ पाहिलेत.

तर असं सांगतात, की एके काळी या बावेचं पाणी शहाळ्यासारखं गोड होतं. तिच्यावर रहाट होता आणि रहाटावर सगळ्या गावाचे पानमळे. तो रहाट चालायचा मात्र कतरीनआयच्या शब्दावर. ही एकटी म्हातारी, अक्षराची ओळख नाही. रोज सकाळी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपली की बावेच्या पायऱ्या उतरायची, ओंजळभर पाणी प्यायची आणि डोळे मिटून उभी राहायची. कधी म्हणायची, "चालू द्या." कधी म्हणायची, "आज बाव थकली हाय, बैल सोडा." मग भर उन्हाळ्यात रहाट दिवसभर बंद. त्यात तिचा स्वतःचा मळा बावेला अगदी खेटून. म्हातारी पाणी आपल्या मळ्यासाठी राखते, असं तुमच्या मनात आता आलं ना, तेच गावाच्याही मनात आलं होतं.

अशात जुजे मास्तर गोव्याहून सात वर्षं शिकून परतला. कतरीनआय त्याची धर्ममाता, बाप्तिस्म्याला त्याला तिनंच हातात धरलं होतं. त्या साली पाऊस कमी झाला आणि बाव तळाला गेली. मास्तरनं दोरीनं मापं घेतली, पुस्तकं उघडली आणि सांगितलं, की तळाच्या काळ्या कातळाखाली उदंड पाणी आहे. मास्तर खोटं बोलत नव्हता, हे ध्यानात ठेवा.

"कातळ फोडू नको, जुजे," कतरीनआय म्हणाली.

"का, आय?"

"ते मला सांगता येत नाय. पाण्याची चव तसं म्हणते."

जिला कारण सांगता येत नाही, ती काहीतरी लपवते. असं मी नाही, गाव म्हणालं. कातळ फोडला. पाणी उसळून आलं, तेही गोड. आठ दिवस रहाट रात्रंदिवस फिरला. म्हातारी चव घ्यायला आली तर लोकांनी तिला हसून बाजूला केलं. नवव्या दिवशी पानवेलींच्या पानांच्या कडा करपल्या. ओंजळ तोंडाला लावली, तर खारट.

मास्तरचं नाव कोणी घेईना. शिकलेल्या माणसाची चूक धरायची कशी? मग कोणीतरी म्हणालं, कतरीनआयला मिठागराकडून पाटी घेऊन येताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत पाहणारे पाच झाले. रागापायी तिनंच बावेत मीठ ओतलं म्हणे! ठरलं, की येत्या रविवारी, पेंटेकॉस्टची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाची, मिस्सा झाली की तिला गावाबाहेर काढायचं.

मास्तरला सगळं कळत होतं. एवढी बाव खारट करायला किती गाड्या मीठ लागेल, याचा हिशेब त्यानं मनात केला होता. समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं, हेही त्यानं कधीतरी वाचलं होतं. तरी तो तीन दिवस गप्प बसला. माहिती कमी पडली नाही त्याची. मला त्याचा अजूनही राग येतो.

रविवारी फादर पवित्र आत्म्याच्या सात दानांवर बोलले. त्यात ज्ञान वेगळं आणि सुज्ञता वेगळी. लहानपणी मला वाटायचं, सात भरावीत म्हणून एकच गोष्ट दोनदा मोजतात. मास्तर मात्र ते ऐकून बाकावर घामाघूम झाला म्हणतात. मिस्सा सुटली. लोक कतरीनआयला बावेपाशी घेरून उभे राहिले, तिचं गाठोडंही कोणी आणून टाकलं होतं. मास्तर गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरला, ओंजळ भरून वर आला आणि सगळ्यांसमोर प्याला. थुंकला नाही, गिळलं.

"मीठ तिनं नाय टाकलं," तो म्हणाला. "कातळ फोडून मी आणलं. मला ठाऊक होतं, तरी गप्प राहिलो."

म्हातारीनं त्याचे हात धरले. ओंजळीत राहिलेलं पाणी स्वतः प्याली.

"आता तुला चव कळली," एवढंच म्हणाली.

काही जण सांगतात, त्या क्षणी बाव पुन्हा गोड झाली. खोटं आहे. मी प्यालोय. गावानं पलीकडे नवी बाव खणली, कातळ लागला तिथेच हात थांबवले. कतरीनआय गेल्यावर रोज सकाळी चव घ्यायला नव्या बावेच्या पायऱ्या मास्तर उतरायचा.

आजही पेंटेकॉस्टला, गावात त्या वर्षी जो कोणी शिकून मोठा झाला असेल, मग तो डॉक्टर असो की नवा फादर, तो या मचूळ बावेतली ओंजळभर पितो. थुंकायचं नाही. माझी नात भूगर्भशास्त्र शिकून आली, तिनंही तोंड वाकडं करून गिळलं.

नवी बाव अजून गोड आहे, साहेब. पेटीत बोअरवेलचं यंत्र आहे की आणखी काही, मी विचारत नाही. पण ती खाली ठेवा आणि आधी दोन्ही हात पुढे करा.